बेनीकाका, कांदा जाड झाला

बेनीकाका,

काल पाव आणायला गेले होते. सुपरमार्केटमध्ये बर्गरच्या पावांचं पाकीट उचललं, उलटं केलं आणि मागच्या बारीक अक्षरांत दुधाची पावडर शोधत उभी राहिले. चष्मा कपाळावर सरकवून तुम्ही उभे राहायचात तशीच. दूध नव्हतं. पाकीट बास्केटमध्ये टाकलं आणि मग लक्षात आलं, की आता विचारायचं कोणाला, "चालेल ना हा?"

मी तिथेच बाजूला उभी राहून रडले. एका बाईने विचारलं, आर यू ओके, लव्ह? मी हो म्हटलं. इथे येऊन दोन वर्षं होत आली, तरी या प्रश्नाचं दुसरं उत्तर मला देता येत नाही.

असं काही लिहायची मला सवय नाही. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली, म्हणून घरातली सगळी पत्रं आणि अर्ज माझ्याकडेच यायचे, पण ते वेगळं. गेलेल्या माणसाशी कसं बोलतात ते कुणी शिकवलं नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आधी मराठीत लिही, मग बघू." माझा डिसर्टेशनचा प्रत्येक चॅप्टर तुम्ही आधी मराठीत सांगायला लावायचात. मराठीत सांगता आलं नाही तर तुला कळलेलं नाही, हा तुमचा नियम. नियमांचंच घर होतं ते.

आठवतंय, मी पहिल्यांदा आले तेव्हा दार उघडून तुम्ही नाव विचारायच्या आधी विचारलं होतं, "कोळंबी खातेस?" मी घाबरून नाही म्हटलं. तुम्ही आत वळून काकूंना ओरडून सांगितलं, "पास झाली गं." इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तुमचा मेसेज फिरत होता: एजवेअरमध्ये एक खोली, मराठी बोलणारी मुलगी हवी, स्वयंपाकघरातले नियम पाळावे लागतील. मला वाटलं होतं कुणीतरी सोवळ्यातली मंडळी असतील. दाराच्या चौकटीवरची ती तिरपी लावलेली डबी बघून मी विचारलं, हे काय. काकू म्हणाल्या, "आमचं आहे. आम्ही ज्यू. पण घाबरू नकोस, आमटीभातच खातो."

मंडळातल्या मुलींना हे खरं वाटायचं नाही. मुंबईचे ज्यू, माझगावात वाढलेले, घरात मराठी बोलणारे. तुमच्या ओळखीतली सगळी माणसं आता इंग्रजीत गेली होती. सिनेगॉगमधून परत आलात की तुम्ही म्हणायचात, देवाशी हिब्रू, लोकांशी इंग्रजी, आता जरा तोंड मोकळं करू दे. आणि मग काकूंशी भांडायला बसायचात.

आईने मला विमानतळावर एकच शब्द द्यायला लावला होता, की बीफ खाणार नाही. तुमच्या घरात राहते म्हटल्यावर तिला झोप येईना. तुम्ही माझ्या हातातून फोन घेतलात आणि तिला तुमच्याकडे काय काय चालत नाही ते सांगत बसलात. डुक्कर नाही, कोळंबी नाही, खेकडा नाही, मटण खाल्ल्यावर दुधाचा चहा नाही, दोन्हीची भांडी वेगळी, चमचे वेगळे, घासायचे स्पंजसुद्धा वेगळे. आई सिन्नरला ओट्याशी उभी राहून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग तुमचंच आमच्यापेक्षा कडक आहे की हो." त्यानंतर ती निवांत झाली. पुढे पुढे ती मला फोन करायची, पण दोन मिनिटांत म्हणायची, बेनीभाऊंना दे. तुम्ही दोघं कांद्यावर बोलायचात. इथला कांदा पाणचट, तिथला उन्हाळी कांदा टिकतो, लालला धार असते. तुम्ही गेल्याचं सांगितलं तेव्हा तिने आधी काकू जेवल्या का ते विचारलं. मग म्हणाली, "त्यांना आपला कांदा पाठवायचा राहिला."

आल्या आल्या मी घातलेला गोंधळही तुम्ही पुढे सगळ्यांना सांगायचात. मी दह्यात बुडवलेला चमचा धुऊन मटणाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता. काकूंचा चेहरा बघून मला वाटलं, आता बॅग भरायची. तुम्ही चमचा उचललात, मागच्या दारी गेलात आणि मिरचीच्या कुंडीत उभा खोचून आलात. मी विचारलं, असं केल्याने शुद्ध होतो का? तुम्ही म्हणालात, "माहीत नाही. पण तुझी काकू शांत होते." चमचा अजून तिथेच आहे. त्याच्या आधाराने यंदा एक मिरची वर चढली आहे.

आणि रविवार. रविवारी आणि इथल्या भुयारी रेल्वेचा, ट्यूबचा संप असेल त्या दिवशी घरात बर्गर व्हायचा. तुम्ही आयुष्यभर ट्यूबच्या स्टेशनांवर नोकरी केलीत, रिटायर होऊनही संपाची बातमी आली की तुमचा हात आपोआप कांद्याच्या टोपलीकडे जायचा. मला सुरुवातीला ही गंमत वाटली. मग तुम्ही ओक्लाहोमाची गोष्ट सांगितलीत.

साधारण शंभर वर्षांपूर्वी तिथल्या एल रेनो नावाच्या रेल्वेच्या गावात कामगार संपावर गेले. मांस परवडेना, कांदा स्वस्त. टपरीवाल्यांनी मांस निम्मं केलं आणि त्यावर कागदासारखा चिरलेला कांदा मूठभर ठेवून उलथन्याने दाबून दाबून आत बसवला. उलटल्यावर कांदा खाली जातो, तव्यावर तपकिरी होतो, त्याचा गोडवा मांसात उतरतो, आणि वर ठेवलेला पाव त्याच वाफेवर मऊ होतो. गरिबीतून निघालेली युक्ती, पण दिवस सुधारल्यावरही गावाने ती सोडली नाही. अजून तिथे वर्षातून एकदा सगळं गाव मिळून एक अवाढव्य बर्गर भाजतं. "गरज संपली तरी चव राहिली," तुम्ही म्हणायचात, आणि मग उलथनं माझ्याकडे रोखून, "लिही हे."

तुम्हाला तो शिकवला हँकने. तुम्ही नुकतेच मुंबईहून आला होतात, लग्न व्हायचं होतं, सफोकमध्ये अमेरिकनांच्या एअरबेसबाहेरच्या एका कॅफेत मिळेल ते काम करत होतात. हँक तिथला आचारी, मूळचा ओक्लाहोमाचा. तुम्ही त्याच्याबद्दल बोलायचात तेव्हा तुमचे हात तव्यावर असल्यासारखे हलायचे. चव अशी सांगायचात की तोंडाला पाणी सुटावं: आधी कांदा लागतो, गोड, मग कडेचा करपट भाग, मांस सगळ्यात शेवटी. तुमच्यात आणि हँकमध्ये फरक एवढाच, की तो वर चीज ठेवायचा आणि तुम्ही नाही. तुमच्या तव्याला दुधाचा थेंब कधी लागला नाही.

मांस बीफचं, म्हणून माझ्यासाठी तुम्ही वेगळा पॅन ठेवला होतात. त्यात तसाच कांदा दाबायचा, वर अंडं फोडायचं, पाव ठेवायचा. "तुझ्या आईचा शब्द," म्हणून प्लेट पुढे करायचात. तुमचा खरा बर्गर कसा लागतो हे मला माहीत नाही आणि एकदाही तुम्ही मला खाऊन बघ म्हणाला नाहीत. त्या दोन वर्षांत मला खाण्यावरून काहीच ऐकवलं नाही असं इथे तुमच्याखेरीज कुणी नव्हतं. तेव्हा हे बोलले नाही. आभार मानले असते तर तुम्ही विषय बदलला असतात, म्हणून राहू दिलं.

मला पहिल्या वर्षी बरे मार्क पडले तेव्हा तुम्ही तुमच्या प्रेषिताच्या, एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा केलात. गोड पोहे, खोबरं, वेलची, ताटात फळं मांडलेली. तुम्ही प्रार्थना म्हणालात. मला कळलं नाही, पण मधेच माझं नाव आलं. मी सवयीने प्रसाद घेतात तसा उजव्या हातात घेऊन कपाळाला लावला आणि मग ओशाळले. तुम्ही तुमचाही कपाळाला लावलात आणि म्हणालात, "चालतंय, त्याला सगळं कळतं."

मग तो चॅप्टर आला. माझा विषय प्रादेशिक खाद्यपदार्थ परदेशात कसे टिकतात हा, आणि तुमचा बर्गर हे माझं सगळ्यात चांगलं उदाहरण होतं. मी तुमच्याबद्दल लिहिलं होतं की मूळ चव चाखलेला आणि ती इथे जपणारा माणूस. मराठीत वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही गालातल्या गालात हसत होतात. मला वाटलं, खूश आहेत.

पण पुढच्या परिच्छेदावर आपलं बिनसलं. मी लिहिलं होतं, की चीज गेलं, मांस कोशर, म्हणजे तुमच्या धर्माला चालणारं झालं, गाव तर हजारो मैल लांब, तेव्हा याला आता ओक्लाहोमाचा बर्गर म्हणता येणार नाही. तुम्ही म्हणालात, ठीक आहे, मग एजवेअरचा म्हण. मी म्हटलं, काका, तसं नाही म्हणता येत. एखादी पद्धत प्रादेशिक व्हायला ती एकापेक्षा जास्त घरांत असावी लागते. एका तव्यावर होते ती त्या माणसाची सवय. निदान दोन घरं तरी हवीत.

तुम्ही बराच वेळ उलथन्याने रिकामा तवा खरवडत राहिलात.

"मग तू शिक," म्हणालात. "दोन होतील."

मी म्हटलं, मी कशी शिकू? मला ते खाता येत नाही. जे चाखताच येत नाही ते बरोबर झालंय की नाही हे मला कळणार कसं?

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. काहीतरी सांगायचं होतं, मला तेव्हाही जाणवलं. पण काकूंनी आतून हाक मारली, शुक्रवारची संध्याकाळ, शब्बाथची तयारी राहिली होती, मेणबत्त्या मिळत नव्हत्या. तुम्ही उठता उठता म्हणालात, "रविवारी बोलू. तव्यापाशी."

रविवारी तुम्ही नव्हतात. शनिवारी सकाळी सिनेगॉगला निघालात आणि दारापाशीच बसलात. अँब्युलन्स लवकर आली, सगळे नीट वागले, तरी व्हायचं ते झालं. आमच्याकडे दहा दिवस, तेरा दिवस. तुमच्याकडे दुसऱ्याच दिवशी माती दिली आणि मग सात दिवस सगळे घरात, खाली बसून, आरशावर चादर. मी आरशावर चादर टाकायला मदत केली. तेवढंच मला जमलं. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारचे पिठलंभात आणतात. तुमच्याकडे शेजारच्यांनी उकडलेली अंडी आणि पाव आणला. मला ते इतकं ओळखीचं वाटलं की मी काकूंच्या शेजारी जमिनीवर बसले, आणि कुणी मला उठ म्हटलं नाही.

नेओमीताई नॉटिंगहॅमहून आली होती. तुमची मुलगी दोन वर्षांत मी दोनदाच पाहिली होती, हॉस्पिटलच्या शिफ्टमधून तिला वेळ मिळायचा नाही. सात दिवस ती आलेल्या लोकांना चहा देत राहिली, काळा, दूध न घालता, म्हणजे कोणाला काही विचारायला नको. काकू कुणी पुढे ठेवलं तर दोन घास खायच्या आणि ताट सरकवायच्या.

सात दिवस संपले त्याच्या दुसऱ्या सकाळी नेओमीताई स्वयंपाकघरात तुमचा तवा हातात घेऊन उभी होती. ती मराठीत बोलली. माझ्याशी नेहमी इंग्रजीतच बोलते.

"पप्पांची बर्गर मला नाही येत," ती म्हणाली. "लहानपणी ते मला बोलवायचे, मी टीव्ही बघत असायची. तुला येतं ना? तू तर लिहिते त्याच्यावर. मला शिकव ना."

काका, मी तुमच्यावर कितीतरी पानं लिहिली होती. मला तापमान माहीत होतं, वजन माहीत होतं, एल रेनोचा इतिहास माहीत होता. तुमच्या तव्याला मी कधी हात लावला नव्हता. मी तिला तेच सांगितलं जे तुम्हाला सांगितलं होतं, की ताई, मी ते खात नाही, मला चव माहीत नाही, मी काय शिकवणार.

काकू दारात येऊन उभ्या होत्या. आठवड्यात पहिल्यांदाच त्या आपणहून काही बोलल्या.

"ह्यांना तरी कुठे माहीत होती?"

काकू स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, की त्या कॅफेतलं मांस कोशर नव्हतं, वर चीज. ह्यांनी तिथे काम केलं तेवढे सगळे दिवस रोज बर्गर बनवला आणि एकदाही तोंडाला लावला नाही. वासावर शिकले. कांद्याच्या आवाजावर शिकले. झालाय का हे हँकच्या तोंडाकडे बघून ओळखायचे. लग्न झाल्यावर कोशर खाटकाकडून खिमा आणला, घरी केला, तेव्हा पहिला घास खाल्ला. "हँकचा कसा लागायचा ते ह्यांना मरेपर्यंत माहीत नव्हतं. आणि तू त्यांना साक्षीदार केलंस," त्या म्हणाल्या. "तू वाचून दाखवलंस त्या संध्याकाळी किती हसले. म्हणाले, पोरीला सांगायला हवं, पण आधी जरा मजा घेऊ दे."

आणि काकू हसल्या. तोंडावर पदर धरून हसल्या, मग ते हसणं तसंच रडण्यात गेलं आणि नेओमीताईने त्यांचं डोकं पोटाशी धरलं. मी कांदे काढले.

हेच सांगायचं होतं ना तुम्हाला रविवारी? तव्यापाशी? मी तेव्हापासून रोज हेच विचारते आहे. मी म्हटलं चाखता येत नाही तर शिकू कशी, आणि तुमच्याकडे उत्तर होतं, आणि मेणबत्त्या मिळत नव्हत्या.

मी कांदा चिरला. तुम्ही कांद्याच्या कापातून मागचं बोट दिसलं पाहिजे म्हणायचात, तसा चिरायचा प्रयत्न केला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कशाचं ते वेगळं काढता आलं नसतं. नेओमीताईने खिम्याचे गोळे केले. मी तवा तापवला, गोळा ठेवला, वर कांद्याचा ढीग, आणि उलथनं दुसऱ्या हाताने दाबत राहिले. तुम्ही दाबायचात तेव्हा आधी चुर्र असा मोठा आवाज यायचा, मग तो बारीक होत जायचा. बारीक होईपर्यंत थांबले. उलटलं. आणि वास आला, काका. सगळ्या रविवारांचा वास. माझ्या जॅकेटला, केसांना, लायब्ररीत माझ्या पुस्तकांना यायचा तो. त्यात बिघाड असता तर मला लगेच कळला असता. मला माहीत होतं, सगळं माहीत होतं. तुम्हाला हे दिसत होतं म्हणूनच तुम्ही शिक म्हणालात, नाही का?

काकूंनी प्लेट मांडीवर घेतली. एक घास खाल्ला, बराच वेळ चावला. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, तुम्ही हँककडे बघायचात तशा.

"कांदा जाड झाला," काकू म्हणाल्या.

पण सगळा खाल्ला. ताटात पडलेला कांदाही बोटाने वेचून खाल्ला.

चॅप्टर मी बदलला आहे. मूळ चव चाखलेला माणूस हे शब्द खोडले. त्या जागी काय लिहायचं ते अजून जमत नाही. सुपरवायझरना सांगितलं तर त्या म्हणाल्या, हे तर जास्त इंटरेस्टिंग आहे. असेल. मला तुम्हाला वाचून दाखवायचं आहे आणि तुम्ही गालात हसायला हवं आहे, त्याला इंटरेस्टिंग म्हणतात का मला माहीत नाही.

तवा काकूंनी नेओमीताईला दिला नाही. म्हणाल्या, हा इथे राहील, तू तुझा घे. ती तशीच गेली. मला वाटलं होतं, झालं, नॉटिंगहॅमला पोचून ती विसरेल. हॉस्पिटल, शिफ्ट, मुलं, कुठून वेळ मिळणार.

म्हणूनच काल पाव आणले होते. रविवार होता. काकू खातील की नाही माहीत नव्हतं, पण रविवारी घरात तो वास यायला हवा असं मला वाटलं. मी कांदा चिरत होते आणि काकूंचा फोन वाजला. व्हिडिओवर नेओमीताई. मागे धूर, स्मोक अलार्म ओरडतोय, तिचा मुलगा टॉवेलने वारा घालतोय, आणि तिने कॅमेरा तव्याकडे धरलेला. नवा तवा, खिमा चिकटलेला, कांदा अर्धा बाहेर.

"मम्मी, कशी दिसते?" ती विचारत होती. "बरोबर आहे का?"

काकूंनी फोन डोळ्यांजवळ नेला. चष्मा कपाळावर सरकवला, तुमच्यासारखा.

"कांदा जाड आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी अजून पातळ काप."

नेओमीताई हो म्हणाली. अलार्म थांबला. त्यांच्या घरात तिघं जेवायला बसली, आणि इकडे आमचा तवा तापत होता.

दोन झाली, काका.

आता बोला.